अमेरिकेत स्वतःचं विमान घेताय? आधी विम्याचा अर्ज, मग बयाणा

अमेरिकेत राहून पायलटचं लायसन्स काढलेल्या मराठी मंडळींसाठी ही माहिती. विमान पसंत पडलं की लगेच बयाणा द्यायचा मोह होतो, तो आवरा. पैसे आहेत म्हणून विमान मिळेल, पण त्याचा विमा मिळेलच असं नाही.

खासगी विमानाला विमा हवाच, असं तिथला केंद्रीय कायदा म्हणत नाही. पण कर्ज काढलं तर बँक मागते, हँगर (विमान ठेवायची शेड) भाड्याने देताना बरेच विमानतळ मागतात आणि काही राज्यांत तो सक्तीचाच आहे.

प्रायव्हेट पायलटचं लायसन्स सहसा किमान 40 तास उडवल्यावर मिळतं. विमा कंपनी मात्र तास किती यापेक्षा कोणत्या विमानावरचे, हे बघते. 90 तास झालेल्या पायलटचा सेसना 172 या चाकं कायम बाहेर असलेल्या साध्या विमानासाठीचा अर्ज सहसा अडत नाही. त्यानेच बीचक्राफ्ट बोनान्झा मागितलं की हप्ता चढतो, कधी थेट नकार येतो. कारण चाकं. बोनान्झाची चाकं उडाल्यावर आत ओढली जातात. ती बाहेर काढायला विसरून उतरलात तर पुढचा पंखा (प्रोपेलर) धावपट्टीला घासतो आणि इंजिन उघडून तपासावं लागतं. ते बिल कंपनीच्या माथी! म्हणून अशा विमानांवरचे तास वेगळे विचारतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसतानाही उपकरणांवर उडवायची परवानगी, असेल तर बाजू बरीच भक्कम होते.

अर्ज ब्रोकरमार्फत जातो. ब्रोकर एकच धरा. दोघांनी तुमच्याच नावाने विचारणा केली तर कंपनी सहसा पहिल्यालाच दर देते. पायलट हिस्टरी फॉर्ममध्ये एकूण तास, त्याच मॉडेलवरचे तास, गेल्या 90 दिवसांतले आणि 12 महिन्यांतले तास, जुने अपघात असं सगळं भरायचं असतं. अंदाजपंचे काही लिहू नका, क्लेमच्या वेळी लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) मागतात. भारतात उडवलेले तास लॉगबुकात असतील तर तेही धरा.

लायसन्स, मेडिकल सर्टिफिकेट, 24 महिन्यांच्या आतला फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबरची उजळणी), विमानाचा एन-नंबर म्हणजे नोंदणी क्रमांक, ठरलेली किंमत आणि ते हँगरमध्ये राहणार की उघड्यावर, एवढं हाताशी ठेवा. एच-1बीवर असाल तर विमान स्वतःच्या नावावर नोंदवता येत नाही, त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. लोक ट्रस्टच्या नावावर विमान नोंदवायचा मार्ग काढतात. तसं असेल तर ब्रोकरला आधीच सांगा.

दर आला की अटी वाचा. नवख्याला बहुधा ‘10 तास इन्स्ट्रक्टरबरोबर, मग 5 तास एकट्याने, त्यानंतर प्रवासी’ अशा धर्तीची अट असते. म्हणजे पहिल्याच रविवारी बायकोमुलांना घेऊन उडायचा बेत रद्द. मित्राच्या हाती विमान द्यायचं असेल तर ‘ओपन पायलट’ कलमात (पॉलिसीत नाव नसलेल्या पायलटसाठीच्या अटीत) दिलेले तास त्याच्याकडे हवेत, नाहीतर त्याचं नाव पॉलिसीत हवं. विमान दुसऱ्या राज्यातून आणायचं असेल तर ते आणणाऱ्या पायलटलाही हाच नियम, आणि त्याचं हे विम्याचं काम व्यवहाराच्या दिवसाआधीच उरका.