व्हायोलिनं गेली कुठं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी ज्या खोलीत रोज सकाळी आत्याचा तानपुरा लागतो, त्याच खोलीत परवा भाच्यानं सिंफनिक ब्लॅक मेटलचा, म्हणजे फाटक्या आवाजाची गिटार, सुसाट ड्रम आणि जोडीला ऑर्केस्ट्रा अशा संगीताचा, नवा अल्बम लावला. "मामा, यात अख्खा ऑर्केस्ट्रा आहे बरं का!" मला मात्र बंद पडलेल्या जे. सी. कापड मिलचं खातं पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं. व्हायोलिनं होती, तर गेली कुठं?

ती कानातच हरवतात. आपला कान आवाजाची पट्ट्यापट्ट्यांनी वाटणी करतो. १००० हर्ट्‌झच्या आसपास अशी एक पट्टी साधारण १६० हर्ट्‌झ रुंद असते. एकाच पट्टीत दोन आवाज आले की मोठा लहानाला गिळतो. डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, की गिटारच्या सुरांना ढीगभर उपसूर फुटतात आणि ते नेमके व्हायोलिनच्या वस्तीत घुसतात.

गंमत म्हणजे या गिटारची आवडती जोडी तानपुऱ्याचीच आहे: षड्ज आणि पंचम, २:३. डिस्टॉर्शनमधून दोन कंपनसंख्यांची वजाबाकीही उमटते. ११० आणि १६५ हर्ट्‌झमधून ५५, म्हणजे एक सप्तक खालचा सा! दोन तारांत एवढा भरणा येतो तो यामुळे. त्यात १३२ चा कोमल गंधार मिसळा, की तळाशी २२ आणि ३३ हर्ट्‌झची गढूळ गुरगुर सुरू.

ड्रमर तर मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चौगुन धरतो, सेकंदाला १६ आघात. विसाच्या पुढे आघात सुटे न राहता सूर होऊ लागतात.

असा अल्बम अगदी बारीक आवाजात जोखू नये. आवाज कमी झाला की कान आधी खर्ज सोडतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. दोन अल्बम ताडून पाहायचे तर आवाज सारखा ठेवावा, नाहीतर जरासा मोठा तोच उजवा वाटतो.

माझं मत? पहिली चार गाणी नुसती दाटी. पाचव्यात गिटार क्षणभर थांबते, तळातून चेलो वर येतात. तो तुकडा मी तीनदा ऐकला.

तेवढ्यात आतून आत्या म्हणाली, "पंचम उतरलाय रे त्यांचा." गिटारच्या फ्रेटवरचा, म्हणजे दांडीवरच्या पक्क्या पडद्यांवरचा, पंचम खरंच उतरलेला असतो, पण अर्धस्वराच्या जेमतेम पन्नासाव्या भागानं. तिला तो कळला, की नुसती नावं ठेवायची होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.