ज्यू शाळा म्हणजे नुसती घोकंपट्टी? अजिबात नाही
ज्यू प्राथमिक शाळेत फक्त धर्मग्रंथ पाठ करून घेतात, करून शिकणं तिथे चालत नाही, असं वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चूक आहे. पूर्व युरोपातल्या जुन्या हेदरमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, पाठांतर खूप होतं, मान्य. पण पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणात धाकट्या पोरानेच चार प्रश्न विचारायचे ही पद्धतच आहे ना! अमेरिकेत तर आता ज्यू मॉन्टेसरी शाळासुद्धा आहेत. सुक्कोत सणाचा मांडवच घ्या, मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात, नियम आहे की तो 20 हातांपेक्षा उंच नको आणि वर फांद्या अशा घालायच्या की उन्हापेक्षा सावली जास्त पडेल, म्हणजे मुलांना मोजायला, बांधायला, सावली का कमी पडली यावर वाद घालायला केवढं सापडतं, आणि जोडीने वाद घालत शिकणं, हाव्रुता, ही तर त्यांची जुनीच रीत.