ठेका, क्लिक आणि मधले दोनशे मिलिसेकंद

फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. मॉडेलचं शूट असेल तर म्हणे ४३२ हर्ट्झला ‘ट्यून’ केलेलं संगीत लावा. त्याने पेशींत सकारात्मक ऊर्जा जाते, चेहऱ्यावर तेज चढतं आणि ते कॅमेऱ्यात उतरतं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्या ४३२ चा समाचार पुढे घेऊच. पण शूटला गाणी लावली की काम सोपं होतं, एवढा भाग खरा आहे. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत लाइट लावायच्या आधी स्पीकर लावणारे असिस्टंट आहेत. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘मूड बनतो.’ उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे आणि माझ्या मते त्यातला जास्त गमतीचा भाग सुटून जातो.

आधी मूडचं उरकून घेऊ. नवखी मॉडेल कॅमेऱ्यासमोर आखडते. खांदे कानांकडे सरकतात, मान ताठ होते, हातांचं काय करायचं ते कळेनासं होतं. एरवी हेच हात दिवसभर आपापली कामं करत असतात. सरावाच्या हालचाली मेंदू आपल्याला न विचारता चालवतो आणि लक्ष मुद्दाम त्यांच्यावर गेलं की त्या बिघडतात. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना ‘फटका मारताना हाताकडे लक्ष द्या’ असं सांगितलं तर त्यांचे नेम चुकतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. गाणं हे लक्ष स्वतःवरून काढून दुसरीकडे नेतं.

हसण्याचंही तसंच. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन याने १८६२ साली माणसांच्या चेहऱ्यावर विजेचे सौम्य झटके देऊन एकेक स्नायू आखडवला आणि त्याचे फोटो छापले. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू खऱ्या आनंदालाच दाद देतो, असं त्याचं म्हणणं. हे जरा जास्तच ठाम होतं; डोळ्यांनीही खोटं हसू शकणारे लोक पुष्कळ निघाले. मात्र हुकमाचं हसू आणि आतून आलेलं हसू मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी चेहऱ्यापर्यंत पोचतं, हे पक्कं आहे. पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘हसा’ म्हटलं तर तोंडाची एकच बाजू हलते, आणि विनोद ऐकला की दोन्ही. ‘स्माइल, स्माइल’ असं ओरडणारा फोटोग्राफर चुकीच्या वाटेवर थांबलेला असतो, तो यामुळे.

झालं मूडचं. आता वेळेचं, आणि हे वाचताना जरा धीर धरा.

समजा करड्या बॅकड्रॉपसमोर मॉडेल गिरकी घेतेय. डावीकडे सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), मागून केसांवर एक लाइट. मान वळते, केस उडतात, एका क्षणी चेहरा लाइटमध्ये बरोबर येतो. फोटोग्राफरला ‘हाच तो क्षण’ दिसतो आणि तो बटण दाबतो. डोळ्यांनी पाहिल्यापासून बोट दाबेपर्यंत तयारीतल्या माणसालाही साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा विलंब यात धरलेला नाही. वळताना नाकाचा शेंडा सेकंदाला अर्धा मीटर सरकतोय असं मानलं, तर तेवढ्या वेळात तो १० सेंटिमीटर पुढे गेला. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो, त्यामुळे फोटो खणखणीत येतो. फक्त तो हवा त्या क्षणाचा नसतो. प्रतिक्रियेवर विसंबणारा फोटोग्राफर नेहमीच उशिरा पोचतो, आणि सरावाने हा उशीर फार घटत नाही, कारण तो मज्जातंतूंच्या वेगाचा आणि मेंदूतल्या प्रक्रियेचा मामला आहे.

‘मग बर्स्ट मारा की, सेकंदाला वीस फ्रेम!’ उघड्यावर मारता येईल. स्टुडिओतल्या फ्लॅशला मात्र प्रत्येक झोतानंतर कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पुन्हा भरायला वेळ लागतो; पूर्ण ताकदीवर तर तो ‘पीप’ करेपर्यंत थांबावंच लागतं. एकेक गोळी जपून झाडायची असते.

उपाय एकच: क्षण दिसायची वाट पाहायची नाही, तो येणार हे आधीच ओळखायचं. आणि मेंदूला वेळेचा अंदाज बांधायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल, तर ठेका.

घरी करून पाहा. फोनवर मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ‘टक्’, आणि टेबलावर बोटाने साथ द्या. ‘टक्’ ऐकून मग बोट आपटलं असतं तर तुम्ही दर वेळी दीडशे मिलिसेकंद तरी मागे पडला असता. तसं होत नाही. अचूक मोजलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या वीस-पन्नास मिलिसेकंद *आधी* पडतं, आणि आपल्याला वाटतं की बरोबर पडलं. म्हणजे आपण ऐकून वाजवत नाही, भाकीत करून वाजवतो. मैफलीत समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात. सम ऐकून मग कोणी मान हलवत असता तर अर्धं सभागृह पाव सेकंद मागे राहिलं असतं.

हे भाकीत करण्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या केंद्रांचा मोठा वाटा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्कॅनरमध्ये निश्चल झोपवून ताल ऐकवले. अंग हलत नव्हतं, तरी ठेका स्पष्ट असलेल्या तालांना ही केंद्रं आणि हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग जास्त जोरात प्रतिसाद देत होते. पार्किन्सनच्या आजारात नेमकी हीच केंद्रं मार खातात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणाऱ्या अशा रुग्णांची चाल बाहेरून ठेका दिला की पुष्कळदा सुधारते. आपल्याला ठेका ऐकू येतो तेव्हा शरीर आतून हलायच्या तयारीत आलेलंच असतं.

आता दोन्ही बाजू जोडा. स्पीकरवर गाणं आहे. मॉडेलचं शरीर ठेक्याचं भाकीत करतंय, फोटोग्राफरचं बोटही. दोघांकडे एकच घड्याळ आलं. तो तिच्यावर प्रतिक्रिया देत नाही आणि ती त्याच्यावर देत नाही; दोघं एका तिसऱ्याच गोष्टीच्या आधारे एकाच क्षणाला पोचतात. मॉडेलने कानात इअरबड घालून आपलं गाणं आपण ऐकलं तर तिचा मूड बनेल, पण घड्याळ एकाच्याच हातात राहील.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. अकरावीतली सरल आवर्त गती आठवतेय? झुलणारी वस्तू मधोमध सर्वात वेगात असते आणि दोन्ही टोकांना क्षणभर थांबते. ठेक्यावर डोलणारं शरीरही बहुधा ठोक्याच्या आसपास दिशा बदलतं. म्हणजे ठोक्यापाशी टोक, आणि टोकापाशी वेग जवळपास शून्य. १२० च्या लयीत एका ठोक्याला डावीकडचं टोक आणि पुढच्याला उजवीकडचं, असं एक पूर्ण आवर्तन एका सेकंदात होतं. समजा क्लिक ५० मिलिसेकंद चुकला. टोकापाशी चुकला तर कोन होतो ३६० अंशांचा विसावा भाग, १८ अंश. त्याचा कोसाइन ०.९५. शरीर टोकापासून आयामाच्या (मधल्या जागेपासून टोकापर्यंतच्या अंतराच्या) फक्त ५ टक्के सरकलं. हीच चूक मधोमध झाली तर १८ अंशांचा साइन घ्यायचा, ०.३१. शरीर ३१ टक्के सरकलं. चूक तेवढीच, दंड सहापट. म्हणजे ठेक्यावर क्लिक करणाऱ्याला नुसती वेळ कळते असं नाही, त्याच्या चुकांना माफीही तिथेच मिळते, कारण कोसाइनचा आलेख माथ्यावर सपाट असतो. पोझ ‘बसली’ असं आपण ज्या क्षणाला म्हणतो तो बहुतेक वेळा हा सपाट माथा असतो. (गणित डोक्यावरून गेलं असेल तर झोपाळ्यावर बसलेल्या पोराचा फोटो काढून बघा, टोकाला एक आणि मधोमध एक.)

सरावलेल्या मॉडेलच्या बाबतीत फ्लॅशचा झोत हाच ठोका होतो: लखलखाट, नवी पोझ, लखलखाट, नवी पोझ. बाहेर साध्या प्रकाशात शटरचा आवाज बंद ठेवून मिररलेस कॅमेऱ्याने शूट केलं की मॉडेल गोंधळते. फोटो निघाला की नाही हे सांगणारी ती खूणच गेलेली असते. अशा वेळी गाणं जास्त कामाला येतं.

पापण्यांचा प्रश्न उरतोच. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिचकावतो. पंधरा वेळा आणि प्रत्येकी पाव सेकंद धरला तरी साठांतले पावणेचार सेकंद डोळे मिटलेले, म्हणजे सोळा फोटोंत सरासरी एक वाया. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी असाच हिशेब ग्रुप फोटोसाठी मांडला: चांगला प्रकाश असेल आणि माणसं विसाहून कमी असतील, तर माणसांच्या संख्येला तीनने भागा आणि तेवढे फोटो काढा, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील. त्याबद्दल त्यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. २०२५ मध्ये चिनी संशोधकांनी त्यात भर घातली: शांत बसून बाखचं संगीत ऐकणाऱ्यांच्या पापण्याही नकळत ठेक्याशी जुळवून घेतात. नाचणाऱ्या मॉडेलला हे जसंच्या तसं लावू नये. पण एकाच गाण्यावर सारखे मिटलेले डोळे येत असतील तर क्लिक किंचित मागेपुढे करून बघायला पैसे पडत नाहीत.

आता ते ४३२. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं. आणि सेकंद कोणी ठरवला? माणसांनीच, दिवसाचे ८६,४०० तुकडे करून. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ साली दिवसाचे एक लाख तुकडे करणारं दशमान घड्याळ आणलं होतं. ते टिकलं असतं तर याच ‘वैश्विक’ स्वराची गणती सेकंदाला सुमारे ३७३ आली असती, आणि ग्रुपवर ३७३ चे संदेश फिरले असते. आज वाद्यं सहसा ज्याला जुळवतात ते ४४० हर्ट्झसुद्धा काही पवित्र नाही. वादकांनी एकत्र वाजवताना भांडू नये म्हणून १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत झालेला तो व्यवहारी समझोता आहे. आपल्याकडे तर गवई आपल्या गळ्याला झेपेल तो सा धरतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी पाचमध्ये, आणि पट्टी बदलली म्हणून श्रोत्यांच्या पेशी बिघडल्याचं ऐकिवात नाही. ४४० चं ४३२ करणं म्हणजे पट्टी एका अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उतरवणं. दोन्ही शेजारी ठेवून ऐकवले नाहीत तर बहुतेकांना फरक कळणारही नाही.

कंपनसंख्येने फरक पडतो, पण तो दुसऱ्याच टोकाला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्झचे अतिखर्ज स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. ते कधी चालू आहेत हे लोकांना ओळखता येत नव्हतं, तरी चालू असताना नाचणाऱ्यांच्या हालचाली जवळपास १२ टक्क्यांनी वाढल्या; हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. स्टुडिओत असले स्पीकर कोणी आणणार नाही. पण स्टुलावर ठेवलेल्या फोनमधून साधा बास ड्रमही धड बाहेर पडत नाही, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. अंगाला धरणारा ठेका त्या खालच्या पट्टीतच असतो.

आणि दागिन्यांचं किंवा पैठणीचं शूट असलं की हमखास बासरीचा नाहीतर सरोदचा आलाप लागतो. मूड छान होतो, घड्याळ मात्र जातं, कारण आलापाला ठेकाच नाही. दोन ठोक्यांत दोनेक सेकंदांहून जास्त अंतर पडलं की बोटाने साथ देणारा माणूस भाकीत सोडून वाट पाहू लागतो. आपल्या तबलजींनी हा प्रश्न कधीच सोडवलाय: विलंबित एकतालात मात्रा लांब झाल्या की मधली जागा ‘तिरकिट’ आणि इतर बारीक भरणाने भरतात, त्यामुळे लय संथ राहते आणि कानाला पकडायला जवळ-जवळचे ठोकेही मिळतात. शांत शूटसाठी गाणं निवडायचं तर आलाप संपून तबला सुरू होतो तिथून लावावं.