ओटावाचे शातो लॉरिए : चोरीला गेलेल्या चर्चिलमागचे हॉटेल

विन्स्टन चर्चिल यांचे ते गाजलेले करारी छायाचित्र कॅनडाच्या राजधानीतल्या शातो लॉरिए हॉटेलच्या भिंतीवरून कधीच चोरीला गेले असून तिथे बनावट प्रत लटकते आहे, हे ऑगस्ट २०२२ मध्ये उघडकीस आले. मूळ प्रत २०२४ मध्ये इटलीहून परत आली. छायाचित्रकार युसुफ कार्श यांचा स्टुडिओ आणि बिऱ्हाड दोन्ही वर्षानुवर्षे याच हॉटेलात होते.

पण हे हॉटेल मुळात रेल्वेच्या स्पर्धेतून उभे राहिले. कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने बान्फ आणि क्वेबेकमध्ये किल्लेवजा हॉटेले बांधून श्रीमंत प्रवासी खेचले होते. प्रतिस्पर्धी ग्रँड ट्रंक रेल्वेचे प्रमुख चार्ल्स मेलव्हिल हेज यांना राजधानीत, संसदेला खेटून, तसेच काहीतरी हवे होते. जागा निघाली ती मेजर्स हिल पार्क या सार्वजनिक बागेतली. लोकांची कुरकुर झाली. पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए मात्र पाठीशी होते. हॉटेलला त्यांचे नाव लागले ते उगाच नव्हे. पहिले वास्तुरचनाकार ब्रॅडफर्ड गिल्बर्ट यांच्याशी बिनसले, तेव्हा माँट्रियलच्या रॉस आणि मॅकफर्लेन यांनी काम पुरे केले. चुनखडीच्या भिंती, तांब्याची उतरती छपरे, फ्रेंच गढ्यांसारखे मनोरे. समोरच नवे स्टेशन, आणि तिथून थेट हॉटेलात निघणारा भुयारी रस्ता.

उद्घाटन एप्रिल १९१२ अखेरीस ठरले होते. त्यासाठी लंडनहून परतणारे हेज टायटॅनिकवर होते, ते बुडाले. लॉरिए यांचा अर्धपुतळा घडवणारे फ्रेंच शिल्पकार पॉल शेव्रे त्याच जहाजावर होते, ते वाचले. अखेर १ जूनला, फारसा गाजावाजा न करता, लॉरिए यांच्याच हस्ते हॉटेल उघडले. तोवर तेही निवडणूक हरून विरोधी बाकांवर गेले होते.

पुढे ग्रँड ट्रंक कर्जात बुडाली आणि १९२३ मध्ये सरकारी कॅनेडियन नॅशनलमध्ये विलीन झाली. हॉटेलचे मात्र चांगलेच फावले. १९२९ पर्यंत पूर्वेची नवी बाजू उभी राहिली, वरच्या मजल्यावरून रेडिओ केंद्र चालू लागले. अविवाहित पंतप्रधान आर. बी. बेनेट १९३० ते ३५, ऐन महामंदीत, इथेच राहत. विरोधकांना आयते कोलीत मिळाले असणार.

समोरच्या स्टेशनातल्या गाड्या १९६६ मध्ये बंद झाल्या. २०१९ पासून तिथे सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, सभा भरते. हॉटेल १९८८ मध्ये विकले गेले, आणि घेणारी कंपनी होती कॅनेडियन पॅसिफिक!