मेंड : अर्थ आणि वापर

मेंड हे इंग्रजीतील दुरुस्तीवाचक क्रियापद. मूळ लॅटिन ‘एमेंडारे’, म्हणजे दोष बाहेर काढणे. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत ‘अमेंड’ झाले आणि सुरुवातीचा ‘अ’ गळून ‘मेंड’ उरले. घटनादुरुस्तीला ज्यावरून ‘अमेंडमेंट’ म्हणतात तो शब्द याचा सख्खा भाऊ. लॅटिनमधील ‘मेंडा’ म्हणजे व्यंग किंवा चूक. शारीरिक व्यंगासाठीचा वैदिक संस्कृतातील ‘मिन्दा’ हा शब्दही याच कुळातला मानतात.

दोष काढायचा, वस्तू तीच ठेवायची, हा अर्थ मेंडने आजवर सोडलेला नाही. म्हणून फाटके शिवणे, मोजे रफू करणे, मासेमारीची जाळी सांधणे अशा हाताच्या कामांना तो जास्त शोभतो. ब्रिटनमध्ये छप्पर, घड्याळ, बूट, रस्ताही ‘मेंड’ करतात. अमेरिकेत अशा ठिकाणी बहुधा ‘फिक्स’ किंवा ‘रिपेअर’ येते. पिसाच्या लेखण्या होत्या तोवर त्यांचे बोथट टोक चाकूने पुन्हा तासणे म्हणजेही मेंड; बोरू वापरलेल्यांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही.

खरी गंमत अकर्मक वापरात आहे. मोडलेले हाड ‘मेंड’ होते, म्हणजे ते आतून आपले आपण जुळून येते. बरा होऊ लागलेला रोगी ‘ऑन द मेंड’ असतो. ‘मेंड वन्स वेज’ म्हणजे वागणूक सुधारणे. ‘मेंड फेन्सेस’ म्हणजे शब्दशः कुंपण नीट करणे, पण अभिप्रेत असते बिघडलेले संबंध सांधणे. मराठीत हा पसारा एका क्रियापदात मावत नाही: कापड रफू होते, घराची डागडुजी होते, हाड जुळते, माणूस सुधारतो. भाषांतरात सरसकट ‘दुरुस्त करणे’ लिहिले की हाडाचे यंत्र होऊन बसते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हा शब्द घोषणेत गेला. १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला ६६ कूपने मिळाली. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा, फाटले तर सांधा, असा तिचा आशय. कपड्यांचे रेशन उठले ते १९४९ मध्ये.

आपला रफूगर करतो त्या कामाला ‘इन्व्हिजिबल मेंडिंग’ म्हणतात. अलीकडे याच्या अगदी उलट ‘व्हिजिबल मेंडिंग’ही रुजले आहे: त्यात भोक मुद्दाम वेगळ्या रंगाच्या धाग्याने भरतात.