प्रायमरीचा निकाल आणि उशिरा येणारी मतं

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाची, जवळून ओळख झाली असेल, तर ती बहुधा श्री ठाणेदारांमुळे. बेळगावात वाढलेले ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. जिंकल्या ग्रेचेन व्हिटमर. ऑगस्ट २०२२ मध्ये ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी डेट्रॉइट परिसरातल्या १३व्या मतदारसंघात उभे राहिले. रिंगणात नऊ जण होते. ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पडली आणि तेवढ्यावर उमेदवारी त्यांची झाली, कारण मिशिगनमध्ये निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक असल्यामुळे नोव्हेंबरची मुख्य निवडणूक त्यांना फारशी जड जाणार नव्हती. खरी लढत ऑगस्टमध्येच होऊन गेली होती.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेतही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेगळं काही नव्हतं. पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी जमायचे आणि स्थानिक पुढारी त्यांना आपल्या बाजूला वळवायचे. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांची गव्हर्नरपदाची उमेदवारी १८९६ आणि १८९८ अशी दोनदा अधिवेशनात हुकली. १९०० मध्ये निवडून आल्यावर त्यांनी उमेदवार निवडण्याचा हक्क थेट मतदारांना देण्याचा आग्रह धरला. १९०३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, १९०४ मध्ये जनतेने सार्वमतात त्याला मंजुरी दिली आणि १९०६ मध्ये राज्यात त्याप्रमाणे पहिली प्रायमरी झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली.

अध्यक्षपदाच्या उमेदवारीचं मात्र तसं झालं नाही. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, अगदी तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांच्या ओहायोतसुद्धा, तरी शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी टाफ्टनाच दिली. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून उसळलेल्या संतापातून नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीच्या निकालाला निर्णायक वजन आलं.

दक्षिणेकडच्या राज्यांत प्रायमरीला एक काळी बाजू होती. तिथे एकाच पक्षाचं राज्य, म्हणजे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकला तो निवडून आलाच. आणि टेक्सासने कृष्णवर्णीयांना नेमकं याच प्रायमरीत मत देण्यापासून दूर ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये मत द्यायला मोकळीक, पण तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं. सर्वोच्च न्यायालयाने ही 'गोऱ्यांची प्रायमरी' १९४४ मध्ये स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात घटनाबाह्य ठरवली. प्रायमरीला 'पक्षाची घरगुती बाब' म्हणून सोडून देता येत नाही, हे या निकालाने पक्कं केलं.

आता मोजणीकडे. भारतात निवडणूक आयोग दिवस ठरवतो, निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो आणि संध्याकाळपर्यंत गुलाल उधळला जातो. अमेरिकेत देशभराची मतं मोजणारी एक संस्थाच नाही. मोजणी होते काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत, काही राज्यांत तर गावाच्या पातळीवर. अधिकृत प्रमाणपत्र यायला आठवडे लागतात. मिशिगनमध्ये काउंटीच्या मंडळाला आकडे तपासून पक्के करायला १४ दिवस मिळतात. मग त्याच रात्री पडद्यावर दिसतं ते काय? ती वार्ताहरांनी केलेली बेरीज असते. न्यूयॉर्कच्या काही वर्तमानपत्रांनी १८४६ मध्ये असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था काढली आणि १८४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून ती मतांचे आकडे गोळा करत आली आहे. तिची माणसं काउंटीच्या कचेऱ्यांत थांबतात, आकडे हाती आले की फोनवरून कळवतात, आणि दुसरीकडे बसलेला माणूस ते उलटसुलट प्रश्न विचारून नोंदवून घेतो. मागे पडलेल्या उमेदवाराला पुढे येण्याची वाट उरली नाही असं दिसल्याशिवाय एपी विजेता जाहीर करत नाही.

ही शिस्त एका दिवसात आली नाही. २ जून १९६४ ला कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन प्रायमरीत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बॅरी गोल्डवॉटर आणि नेल्सन रॉकफेलर समोरासमोर होते. तिन्ही मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी मतदान केंद्रांवर आपापली माणसं नेमून स्वतंत्र मोजणी चालवली होती. राज्याच्या उत्तर भागात मतदान चालू असतानाच त्यांतल्या सीबीएसने गोल्डवॉटर जिंकल्याचं सांगून टाकलं, तेव्हा वृत्तसंस्थांच्या बेरजेत रॉकफेलर पुढे होते. गोल्डवॉटर अखेर साधारण तीन टक्क्यांनी जिंकले, म्हणजे अंदाज बरोबर निघाला. पण लोकांनी एकाच निवडणुकीचे निरनिराळे आकडे पाहिले, आणि काहींनी तर मत द्यायच्या आधीच निकाल ऐकला. त्याच वर्षी तिन्ही कंपन्या आणि दोन्ही मोठ्या वृत्तसंस्था एकत्र आल्या आणि आकडे गोळा करण्याची सामाईक व्यवस्था उभी राहिली.

उशिरा आलेल्या मतांबद्दलचा संशय मात्र त्याहून जुना आहे, आणि तो निराधार नाही. २८ ऑगस्ट १९४८ ला टेक्सासमध्ये सिनेटसाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीची दुसरी फेरी झाली. लिंडन जॉन्सन विरुद्ध माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन. वर्तमानपत्रांनी चालवलेल्या टेक्सास इलेक्शन ब्युरोकडे आकडे येत होते आणि आघाडी कधी इकडे, कधी तिकडे जात होती. मतदानाला सहा दिवस झाल्यावर जिम वेल्स काउंटीतल्या ॲलिस गावच्या १३ क्रमांकाच्या पेटीचा 'सुधारित' आकडा आला. जॉन्सन यांची तिथली मतं आधी ७६५ होती, ती ९६५ झाली; सातचा नऊ केल्याचा आरोप झाला. मतदारयादीच्या शेवटी २०२ नावं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि वर्णानुक्रमाने लिहिलेली होती, असं ती यादी पाहिलेल्यांनी सांगितलं. जवळपास ९ लाख ८८ हजार मतांत जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. पक्षाच्या राज्य समितीने हा निकाल २९ विरुद्ध २८ मतांनी मान्य केला. त्या केंद्रावरचे निवडणूक अधिकारी लुईस सालास यांनी १९७७ मध्ये एपीच्या वार्ताहराजवळ खोटी मतं घातल्याची कबुली दिली. तोवर जॉन्सन अध्यक्ष होऊन, पायउतार होऊन, वारलेही होते.

म्हणून 'रात्री पुढे होता, सकाळी मागे पडला' हे ऐकून लोकांच्या मनात पाल चुकचुकते, याचं मला नवल वाटत नाही. पण ॲलिसच्या पेटीत खोट होती ती आकडा उशिरा आला म्हणून नव्हे. एकदा कळवलेला आकडाच बदलला होता, आणि त्याला आधार म्हणून बोगस नावं जोडली होती. आज जी मतं उशिरा मोजली जातात, ती उशिरा येणार हे मतदानाच्या आधीच कायद्यात लिहिलेलं असतं. हा फरक न सांगता नुसता संशय पेरणं मला गैर वाटतं.

पेनसिल्व्हेनियाचंच घ्या. तिथे टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. मे २०२२ च्या रिपब्लिकन सिनेट प्रायमरीत मेहमेट ऑझ आणि डेव्हिड मॅकॉर्मिक यांच्यात हजाराहून कमी मतांचं अंतर राहिलं. अर्धा टक्का किंवा त्याहून कमी अंतर असलं की फेरमोजणी आपोआप होते, त्यामुळे मतदान १७ मेला झालं आणि मॅकॉर्मिक यांनी हार मानली ती ३ जूनला. 

कॅलिफोर्नियात तर प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरपोच जाते. २०२४ मध्ये मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असलेला लिफाफा सात दिवसांनी आला तरी चालत होता. प्रत्येक लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहायची, जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी द्यायची, हे सगळं वेळखाऊ आहे आणि ते तसंच असायला हवं. '१०० टक्के केंद्रांचा निकाल आला' ही जुनी पाटी अशा राज्यात दिशाभूल करते, कारण केंद्रं संपली तरी लिफाफ्यांचे गठ्ठे बाकी असतात. म्हणून आता 'अंदाजे इतके टक्के मतं मोजून झाली' असं दाखवतात. तो अंदाजच असतो, आणि मोजणी चालू असताना खालीवर होतो.

कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीत २०१२ पासून सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरला जातात. ५ मार्च २०२४ ला सिलिकॉन व्हॅलीतल्या १६व्या मतदारसंघात सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेसाठी जो सिमिटियन आणि इव्हान लो यांच्यात आघाडी रोज बदलत राहिली, आणि महिनाभराने दोघांची मतं नेमकी सारखी भरली: ३०,२४९. नियमाप्रमाणे तिघेही नोव्हेंबरला जाणार होते. मग फेरमोजणीची मागणी झाली, मतं पुन्हा मोजली गेली आणि लो पाच मतांनी पुढे निघाले. सिमिटियन यांचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आलं नाही; लढत लिकार्डो आणि लो यांच्यात झाली आणि लिकार्डो निवडून आले.