चुंबकीय भिंग

चुंबकीय भिंग : इलेक्ट्रॉनांच्या शलाकेला चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने एका बिंदूत आणणारी, वा तिच्याद्वारे वस्तूची प्रतिमा मिळवून देणारी रचना. रचनेत काच कुठेच नसते. तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याभोवती मऊ लोखंडाचे कवच आणि त्या कवचात आतल्या बाजूला ठेवलेली काही मिलिमीटरांची फट, एवढाच तिचा ऐवज. तारेतून एकदिश प्रवाह सोडला की त्या फटीत अक्षाभोवती सममित असे तीव्र क्षेत्र तयार होते आणि तेच भिंगाचे काम करते. शलाका नमुन्यातून आरपार नेणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे विवर्धन अशा भिंगांच्या उतरंडीवर अवलंबून असते.

तत्त्व : गतिमान विद्युत् भारावर चुंबकीय क्षेत्राचे बल त्याच्या गतीला काटकोनात लागते. त्यामुळे इलेक्ट्रॉनाची दिशा बदलते, वेग मात्र तोच राहतो. भिंगाच्या अक्षावरून नेमका जाणारा इलेक्ट्रॉन सरळ निघून जातो. अक्षापासून थोड्या अंतरावरच्या इलेक्ट्रॉनाला भिंगात शिरताना क्षेत्राच्या त्रिज्यीय घटकाची गाठ पडते आणि तो अक्षाभोवती वळू लागतो. या वळत्या गतीवर मग अक्षीय घटकाचे बल लागते आणि ते इलेक्ट्रॉनाला आत, अक्षाकडे ओढते. बल दोन पायऱ्यांनी येत असल्याने परिणाम क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून राहतो. याची दोन फलिते महत्त्वाची आहेत. तारेतील प्रवाह उलटा केला तरी भिंग केंद्रीकरणच करते, म्हणजे चुंबकीय भिंग नेहमी बहिर्गोल भिंगासारखे वागते. अंतर्गोल भिंगाचा चुंबकीय जोडीदार या सममित रचनेत मिळत नाही. दुसरे, प्रतिमा नुसती उलटत नाही, ती अक्षाभोवती फिरतेही, आणि प्रवाह उलटा केल्यास ती विरुद्ध दिशेने फिरते. विवर्धन बदलताना पडद्यावरचे चित्र गरकन फिरलेले जुन्या यंत्रांवर काम केलेल्यांना चांगलेच आठवत असेल. नव्या यंत्रांत लागोपाठच्या भिंगांतले प्रवाह परस्परविरुद्ध ठेवून हे फिरणे बरेचसे खोडून काढतात.

काचेच्या भिंगाचे नाभीय अंतर घडवतानाच ठरते. येथे ते प्रवाहाच्या बटणावर असते. वेटोळ्यातील प्रवाह वाढवला की नाभीय अंतर कमी होते, प्रवेगक व्होल्टता (इलेक्ट्रॉनांना वेग देणारा विद्युत् दाब) वाढवली की ते वाढते. म्हणून दोन्हींचा पुरवठा अत्यंत स्थिर लागतो. त्यातली दहा लाखांत काही भागांची चढउतारही सूक्ष्म प्रतिमेत पुसटपणा आणते.

शोधाचा प्रश्न : चुंबकाने कॅथोड किरण (निर्वात नलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत) वळतात हे १८६९ मध्ये हिटॉर्फ यांच्या प्रयोगांपासून माहीत होते. एमिल वीशर्ट यांनी १८९९ च्या सुमारास लांब वेटोळे वापरून ब्राउन नलिकेतील (टीव्हीच्या चित्रनलिकेची पूर्वज) ठिपका आवळून आणला. तरीही याला भिंगाचा शोध म्हणण्याचा प्रघात नाही, कारण ही रचना प्रतिमा देऊ शकते असा विचार तेव्हा कोणी केलेला दिसत नाही.

हा विचार गणिताने मांडला तो जर्मनीतील येना येथील हान्स बुश यांनी. १९२६ मधील लेखात त्यांनी अक्षसममित क्षेत्रांतील इलेक्ट्रॉनांचे मार्ग काढले आणि आखूड वेटोळे हे प्रकाशभिंगाच्याच सूत्राने चालते असे दाखवले. पुढील वर्षी त्यांनी ही गोष्ट प्रयोगाशी ताडून पाहिली, पण त्यासाठी सुमारे सोळा वर्षांपूर्वी गॉटिंगेनमध्ये घेतलेली जुनी मापने वापरली आणि मेळ समाधानकारक बसला नाही. गंमत अशी, की त्याच सुमारास बर्लिनच्या तांत्रिक विद्यालयात डेनिस गाबॉर यांनी आपल्या प्रबंधासाठी कॅथोड किरण आलेखकाला (विजेचे क्षणिक बदल टिपणारे यंत्र) लोखंडी कवचाचे वेटोळे बसवले होते. आजच्या भिंगाचे रूप त्यात जवळजवळ पूर्ण होते, फक्त ते भिंग आहे हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. बुश यांच्याकडे सिद्धान्त होता, गाबॉर यांच्याकडे वस्तू. श्रेयाची वाटणी कशी करावी यावर म्हणूनच मतभेद राहिले. बहुतेक इतिहासकार भिंगाच्या सिद्धान्ताचे श्रेय बुश यांना देतात आणि ते योग्य वाटते.

सूक्ष्मदर्शकाचा वाद यापेक्षा कडवट आहे. त्याच विद्यालयात माक्स क्नोल यांच्या हाताखाली एर्न्स्ट रुस्का या विद्यार्थ्याने १९२९ मध्ये बुश यांचे सूत्र नव्या मापनांनी पडताळले. ७ एप्रिल १९३१ रोजी दोन भिंगे एकामागे एक लावून दोघांनी जाळीची प्रतिमा मिळवली. विवर्धन वीसपटही नव्हते. चांगले हातभिंगही त्याच्या जवळपास पोचते. पण दुसऱ्या भिंगाने पहिल्या भिंगाची प्रतिमा आणखी मोठी केली, हे महत्त्वाचे. ४ जून १९३१ रोजी क्नोल यांनी बर्लिनमध्ये व्याख्यान दिले, तेव्हा बढाईचा आरोप नको म्हणून ‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक’ हा शब्द दोघांनी ठरवून टाळला होता, असे रुस्का यांनी पुढे नमूद केले आहे.

व्याख्यानाच्या काही दिवस आधी, मे १९३१ च्या अखेरीस, सीमेन्सच्या वतीने राइनहोल्ड रूडेनबर्ग यांच्या नावे पेटंटचे अर्ज दाखल झाले होते. मुलाला झालेल्या पोलिओमुळे त्याचा विषाणू पाहता यावा या तळमळीतून कल्पना सुचली, असे रूडेनबर्ग यांचे म्हणणे. त्यांचे सहकारी माक्स श्टेनबेक हे व्याख्यानापूर्वी क्नोल यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले होते, ही गोष्ट रुस्का यांच्या बाजूचे लोक पुढे करतात. रूडेनबर्ग यांना १९३० च्या दशकात जर्मनी सोडावी लागली. अमेरिकेत १९४७ मध्ये न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. त्यांनी स्वतः यंत्र बांधले नाही. पेटंटच्या कायद्यात कल्पनेची नोंद पुरते, प्रयोगशाळेत पुरत नाही. या दोन कसोट्यांमधले अंतर लक्षात घेतले तर वादाची धार बरीच कमी होते. १९८६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग रुस्का यांना मिळाला, तेव्हा रूडेनबर्ग आणि क्नोल दोघेही हयात नव्हते.

इलेक्ट्रॉनाला तरंगलांबी असते हे दे ब्रॉय यांनी मांडलेले तत्त्व रुस्का यांना सुरुवातीच्या कामात ठाऊक नव्हते. ते १९३१ च्या उन्हाळ्यात कळले तेव्हा ते आधी खट्टू झाले. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाप्रमाणे इथेही तरंगलांबीची आडकाठी आहेच की काय, असे त्यांना वाटले. हिशेब केल्यावर ती आडकाठी फार लांब असल्याचे दिसले. १०० किलोव्होल्टला ही तरंगलांबी सुमारे ०.००३७ नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या लाखाव्या भागाच्या घरात असते.

रचना आणि दोष : रुस्का आणि बोडो फोन बोरीस यांनी १९३२ मध्ये ध्रुवखंडाच्या भिंगाचे पेटंट घेतले. कवचाच्या फटीत लोखंडाचे निमुळते, मधे भोक असलेले दोन तुकडे बसवून क्षेत्र काही मिलिमीटरांत आवळायचे ही त्यातली युक्ती. प्रयोगशाळेत त्यांना सरसकट ‘पोलपीस’ म्हणतात. येथे क्षेत्र दोन टेस्लाच्या आसपास जाते. त्यापलीकडे लोखंड संतृप्त होते, म्हणजे प्रवाह वाढवूनही त्याचे चुंबकत्व फारसे वाढत नाही, म्हणून लोखंड-कोबाल्ट मिश्रधातूही वापरतात. वस्तुभिंगाचे (नमुन्यालगतचे मुख्य भिंग) नाभीय अंतर त्यामुळे एक ते तीन मिलिमीटर इतके लहान करता येते. वेटोळे तापते, म्हणून पाणी खेळवावे लागते. शिवाय लोखंड पूर्वीचा प्रवाह ‘लक्षात ठेवते’: त्याच आकड्यावर प्रवाह परत आणला तरी क्षेत्र नेमके तेवढेच येत नाही, आणि मोजमापाच्या कामाआधी प्रवाह चढवून-उतरवून भिंग पूर्ववत करावे लागते.

खरी मर्यादा वेगळीच आहे. ओटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले, की अक्षसममित, काळानुसार न बदलणाऱ्या आणि मार्गात विद्युत् भार नसलेल्या क्षेत्राच्या भिंगात गोलीय विपथन (कडेचे किरण वेगळ्या बिंदूत जमणे) आणि वर्णविपथन (वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वेगळ्या बिंदूंत जमणे) हे दोष नेहमी एकाच चिन्हाचे असतात. काचेप्रमाणे दोन भिंगे जोडून ते खोडता येत नाहीत. त्यामुळे चांगल्या यंत्राची विभेदनक्षमताही (जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची मर्यादा) दीर्घकाळ तरंगलांबीच्या पन्नास ते शंभरपट, म्हणजे ०.२ नॅनोमीटरच्या आसपास अडकून पडली. वाट शेर्झर यांनीच सुचवली होती : सममिती मोडा. ती प्रत्यक्षात यायला अर्धे शतक लागले. हाराल्ड रोझे यांच्या आराखड्यावरून माक्सिमिलियान हायडर आणि क्नूट उर्बान यांनी षड्ध्रुवांची (अक्षाभोवती सहा चुंबकीय ध्रुव असलेल्या घटकांची) शुद्धिकारक जोडणी तयार केली (१९९८). चतुर्ध्रुव-अष्टध्रुवांच्या (चार आणि आठ ध्रुवांच्या घटकांच्या) मार्गाने ओंद्रेय क्रिवानेक यांनी क्रमवीक्षण यंत्रासाठी (शलाका नमुन्यावर ओळीओळीने फिरवून चित्र जुळवणारे) तेच साधले. चौघांना २०२० मध्ये नॅनोविज्ञानाचे कावली पारितोषिक मिळाले. आज ०.०५ नॅनोमीटरच्या आसपासचे तपशील वेगळे दिसू शकतात.

नमुना वस्तुभिंगाच्या क्षेत्रातच बुडालेला असतो, ही आणखी एक अडचण. चुंबकीय भुकटीचा नमुना नीट चिकटवलेला नसेल तर तो उडून ध्रुवखंडाला जाऊन बसतो आणि मग दुरुस्तीचे काम निघते. पोलादाच्या किंवा चुंबकीय पटलाच्या अभ्यासात वस्तुभिंग बंद ठेवून दुसऱ्या भिंगाने पाहतात.

उपयोग : जीवशास्त्र आणि धातुशास्त्रातील वापर परिचित आहे. उद्योगात चिप बनवणाऱ्या कारखान्यांत रेघांची रुंदी मोजणारे क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शक आणि प्रतिकृती कोरणारी इलेक्ट्रॉन-शलाका यंत्रे दोन्ही या भिंगांवर चालतात. निर्वातातील इलेक्ट्रॉन-शलाका वितळजोड हे याच विद्येचे बलदंड रूप : तेच वेटोळे, पण शलाकेची शक्ती किलोवॉटांमध्ये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीच्या पार्श्वभूमीचे कार्ल-हाइन्त्स श्टायगरवाल्ड यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र पुढे आणले. जोड अरुंद आणि खोल मिळतो, म्हणून टायटॅनियमचे भाग जोडताना त्याला पसंती असते. जुन्या पोटवाल्या टीव्हीच्या चित्रनलिकेच्या मानेवरील वेटोळी मात्र शलाका आवळत नसून इकडेतिकडे हलवत, त्यामुळे त्यांना भिंग म्हणणे बरोबर नाही.

भारतात कोलकात्यात नीरजनाथ दासगुप्त यांनी १९४० च्या दशकात पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत केरळमधील रुग्णाच्या नमुन्यावरून २०२० मध्ये करोना विषाणूची भारतातील पहिली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रे घेण्यात आली. त्यातील कण सुमारे ७५ नॅनोमीटरचा होता.

नामसाम्यामुळे चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाशी घोटाळा होऊ नये. १९८७ मध्ये वर्णन केलेल्या त्या यंत्रात भिंगच नसते. चुंबकीय लेप दिलेले टोक पृष्ठभागावर फिरवून हार्ड डिस्कवरील नोंदींसारखे क्षेत्राचे नकाशे त्यात काढतात.